तेल अवीवची मॅट्रिक्स आणि मंडणगडचा पाऊस

एम.एस्सी.ला स्टोकॅस्टिक प्रोसेसेसच्या पेपरात एक गणित तुम्हाला हमखास भेटेल. आज पाऊस असेल तर उद्या पाऊस पडण्याची संभाव्यता अमुक, आज कोरडं असेल तर तमुक. ट्रान्झिशन मॅट्रिक्स लिहा, स्टेशनरी डिस्ट्रिब्युशन काढा. मीही काढलं, पूर्ण मार्क मिळाले. पुढे पीएच.डी.च्या मुलाखतीत विचारलं गेलं, "मंडणगडचे ना तुम्ही? मग तुमच्याकडचा पाऊस मार्कोव आहे का?" मी गप्प. 'मार्कोव आहे' हे तर गणितात दिलेलंच असतं, ते तपासायचं असतं हे डोक्यात आलंच नव्हतं.

या गणिताचा सगळ्यात गाजलेला नमुना म्हणजे गॅब्रिएल आणि नॉयमन यांचा 1962 चा शोधनिबंध. त्यांनी तेल अवीवच्या 27 हिवाळ्यांतले 2437 दिवस घेतले. आदला दिवस कोरडा असे 1399 दिवस निघाले, त्यांतले 350 ओले, म्हणजे 0.250. आदला दिवस ओला असे 1038, त्यांतले 687 ओले; म्हणजे 0.662. यावरून स्टेशनरी डिस्ट्रिब्युशन काढलं तर साधारण 42.5 टक्के दिवस ओले येतात. पाठ्यपुस्तकातलं गणित इथं संपतं.

पण मूळ निबंध इथं संपत नाही. लेखकांनी वर्षभराचा पाऊस एका मॅट्रिक्समध्ये कोंबला नाही. फक्त डिसेंबर ते फेब्रुवारी घेतले, कारण तेवढ्या काळात संभाव्यता फारशी बदलत नाही असं धरता येतं. शिवाय सलग किती दिवस कोरडे गेले, सलग किती ओले, याचं मॉडेलने सांगितलेलं वाटप प्रत्यक्ष नोंदींशी ताडून पाहिलं. निबंधाचा जीव या दोन गोष्टींत आहे. आपल्या वर्गात येईपर्यंत नेमक्या त्याच गळतात आणि दोन बाय दोनची मॅट्रिक्स तेवढी उरते. माझी तक्रार निबंधाबद्दल नाही, या गळतीबद्दल आहे.

आता हे मंडणगडला आणून बघा. जुलैत आमच्याकडे जवळपास रोजच पाऊस. 'ओला की कोरडा' या दोन अवस्थांची साखळी तिथं काही सांगतच नाही. लावणी करणाऱ्याला किती पडला हे हवं असतं. म्हणजे अवस्था कोणत्या घ्यायच्या हाच पहिला प्रश्न. हवामान खातं 2.5 मिलिमीटर किंवा जास्त पावसाच्या दिवसाला पावसाचा दिवस म्हणतं. तो उंबरठा बदला, मॅट्रिक्स बदलेल.

दुसरा प्रश्न काळाचा. जूनची सुरुवात, भर जुलै आणि ऑक्टोबर यांना एकच मॅट्रिक्स कशी चालेल? आमच्या घरचे मृग, आर्द्रा, हस्त असा हिशोब करतात. नक्षत्राचं वाहन बेडूक की म्हैस ते सोडा, पण साधारण 13-14 दिवसांचे तुकडे पाडून प्रत्येकाचा स्वभाव वेगळा धरायचा, ही कल्पना एकजिनसी साखळीपेक्षा शहाणी आहे.

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा: स्मृती किती? तेल अवीवच्या आकड्यांप्रमाणे आज कोरडं असेल तर पुढचे तीनही दिवस कोरडे जाण्याची संभाव्यता 0.75 चा घन, म्हणजे सुमारे 0.42. उघडीप कालच झालेली असो की दहा दिवसांपूर्वी, उत्तर तेच. आपल्या मान्सूनला मात्र जोराचे आणि खंडाचे काळ असतात, तेव्हा हे गृहीत धरायच्या आधी तपासायला हवं. ऑक्टोबरात आमचे आबा विचारतात, "भात कापू का थांबू?" कापलेलं भात शेतात भिजलं तर दाण्याला कोंब येतात. तिथं 0.42 हा आकडा चुकला तर मार्क जात नाहीत, वर्षाचं भात जातं.

तपासणी अवघड नाही. आदला दिवस ओला असलेले सगळे दिवस घ्या आणि त्यांचे दोन गट करा: त्याच्याही आधीचा दिवस ओला होता ते आणि कोरडा होता ते. दोन्ही गटांत पावसाचं प्रमाण जवळपास सारखं आलं तर एका दिवसाची स्मृती पुरेशी मानायला आधार मिळतो. मोठा फरक आला, तर नाही. फरक मोठा की योगायोगाचा, हे काय-स्क्वेअर चाचणी सांगेल; ती तुम्हाला बी.एस्सी.पासून येते.

तेव्हा संशोधनाला यायचं ठरवलं असेल तर एक करा. कृषी विभाग मंडळनिहाय रोजच्या पावसाचे आकडे प्रसिद्ध करतो. आपल्या तालुक्याचे काही वर्षांचे ऑक्टोबर घ्या आणि हे मोजून बघा. उत्तर 'मार्कोव नाही' आलं तरी निराश होऊ नका. सिद्धता पाठ कराच, त्याशिवाय पुढे जाता येत नाही. पण 'समजा, ही मार्कोव साखळी आहे' या वाक्यातल्या 'समजा'पाशी एकदा तरी थांबा. मी थांबलो नव्हतो, म्हणून मुलाखतीत गप्प बसलो.