'स्वदेस'चा दिवा आणि कोयनेचे पाणी

विज्ञान पडद्यावर आले की राजकारणही येते. आशुतोष गोवारीकरांचा 'स्वदेस' (2004) रूढ अर्थाने विज्ञानपट नाही. पण त्यातला 'नासा'चा मोहन गावातल्या झऱ्यावर वीज निर्माण करतो. हे गाव चित्रित झाले साताऱ्यातल्या मेणवलीला. सिनेमाच्या पडद्यामागे बसवलेल्या खालच्या जाती दिग्दर्शक दाखवतो, वीज जाताच पडदा उतरवतो. हा प्रसंग आम्हाला फार मोलाचा वाटतो.

मात्र मोहनची वीज कुणाचे घर बुडवत नाही. याच जिल्ह्यात कोयनेने महाराष्ट्राला उजेड दिला, तेव्हा शिवसागराखाली गावे गेली. विस्थापित पुनर्वसनासाठी पिढ्यान्‌पिढ्या झगडले. शेजारच्या सांगलीत जत-आटपाडी वर्षानुवर्षे तहानलेली राहिली. उजेडाची किंमत कोण मोजतो, हे चित्रपट विचारत नाही. मुलांना तो जरूर दाखवावा. पण सोबत कोयनेचा धडाही शिकवावा.