सूक्ष्म अर्थशास्त्राचा प्रारंभिक अभ्यासक्रम आणि अजिंठ्याचे तिकीट : एक चिकित्सा

प्रस्तावना : पदवीच्या प्रथम वर्षाला सूक्ष्म अर्थशास्त्रात मूल्यभेद मक्तेदारीच्या प्रकरणात शिकविला जातो. पिगू यांनी 1920 मध्ये त्याच्या तीन श्रेणी मांडल्या. जोन रॉबिन्सन यांनी 1933 मध्ये त्याचे आकृतीच्या साहाय्याने विश्लेषण केले. वर्गात बहुधा डॉक्टरांची फी व विजेचे दर ही उदाहरणे देऊन प्रकरण संपते.

विवेचन : अजिंठा परिसरातील विद्यार्थ्याला याहून जवळचे उदाहरण उपलब्ध आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने 2018 मध्ये लेण्यांचे प्रवेशशुल्क भारतीयांसाठी 40 रुपये व परदेशी पर्यटकांसाठी 600 रुपये, म्हणजे पंधरापट, ठरविले. विक्रेता एकच, ग्राहकांचे गट ओळखपत्राने वेगळे करता येतात आणि स्वस्त तिकीट परदेशी पर्यटकाला विकता येत नाही. मूल्यभेदाच्या अटी येथे पूर्ण होतात. परंतु सार्क व बिमस्टेक देशांच्या नागरिकांना भारतीयांचाच दर लागू झाला. थायलंडचा व जपानचा पर्यटक दोघेही दूरचेच. तरी पहिल्यासाठी 40 आणि दुसऱ्यासाठी 600 रुपये. ही विभागणी मागणीच्या लवचिकतेवरून नव्हे, तर शासकीय धोरणावरून झालेली आहे. महत्तम नफ्याचे गृहीतक येथे अपुरे पडते.

निष्कर्ष : परीक्षेत केवळ ‘आकृतीसह स्पष्ट करा’ असे विचारल्यास ही मर्यादा विद्यार्थ्याच्या लक्षात येत नाही. विक्रेता कोण व त्याचा हेतू कोणता, हा प्रश्न आकृतीच्या आधी शिकविला जाणे आवश्यक आहे.