शिडीवर मुली कुठे आहेत?

"सैद्धांतिक चौकट निवडायची कशी?" हा प्रश्न तुमच्यापैकी बरेच जण विचारतात. पेट परीक्षा झाली की पहिला घाम फुटतो तो इथेच. आज मी मला आवडलेल्या, मी वापरलेल्या आणि मला तोंडघशी पाडणाऱ्या एका चौकटीबद्दल लिहितेय. चौकट वाईट नाही. मी ती कशी वापरली आणि तिच्यात मुळातच काय बसत नाही, या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या करून सांगायचा प्रयत्न करते.

माझा विषय आहे हौशी नाट्यसंस्था आणि त्यांचे युवा उपक्रम. म्हणजे दिवसा बँकेत, शाळेत, दुकानात काम करणारी माणसं संध्याकाळी सभागृहाचं कुलूप उघडतात, सतरंजी अंथरतात, आणि गावातल्या आठवी ते बारावीच्या मुलामुलींना घेऊन नाटक बसवतात. मानधन कुणालाच नाही. नेपथ्याचे पैसे वर्गणीतून येतात, भाड्याचे दिवे उधारीवर येतात आणि संहितेच्या परिनिरीक्षणाचा अर्ज कुणीतरी रजा टाकून भरतं. मी तालुक्याच्या गावातल्या अशा एका संस्थेत वर्षभर जात होते. गावाचं आणि संस्थेचं नाव इथे देणार नाही, प्रबंधातही दिलेलं नाही.

शिडी म्हणजे काय

तरुणांच्या सहभागावर काही वाचायला घेतलंत की रॉजर हार्ट हे नाव टाळता येत नाही. १९९२ साली युनिसेफसाठी लिहिलेल्या निबंधात त्यांनी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. शिडीची कल्पना त्यांनी शेरी आर्नस्टीन यांच्या १९६९ च्या लेखावरून घेतली. तो लेख अमेरिकेतल्या शहर नियोजनात सामान्य नागरिकांच्या हाती खरी सत्ता किती, याबद्दल होता.

हार्टच्या शिडीच्या खालच्या तीन पायऱ्या म्हणजे मुलांना हाताशी धरून वापरणं, शोभेपुरतं उभं करणं आणि नावापुरतं प्रतिनिधित्व देणं. हा सहभागच नव्हे, असं हार्ट स्पष्ट म्हणतात. शोभेच्या पायरीसाठी त्यांनी दिलेलं उदाहरण तर आपल्या ओळखीचंच आहे. एखाद्या कार्यक्रमात मुलांना टी-शर्ट घालून नाचवायचं, पण कार्यक्रम कशासाठी आहे हे त्यांना धड सांगायचंही नाही. आपापलं स्नेहसंमेलन आठवा. चौथ्या पायरीपासून खरा सहभाग सुरू होतो. काम मोठ्यांनी दिलेलं, पण मुलांना त्याची पूर्ण कल्पना आहे. मग मुलांचं मत विचारणं, मग मोठ्यांनी सुरू केलेल्या कामात मुलांसह निर्णय घेणं, मग मुलांनीच सुरू करून मुलांनीच चालवणं. आठवी पायरी म्हणजे सुरुवात मुलांची, निर्णय मात्र मुलं आणि मोठे मिळून घेतात.

नवख्या संशोधकाला ही शिडी का आवडते, ते लक्षात आलं असेल. ती मोजता येते. बैठकीला बसा, निर्णय टिपा, त्याला आकडा द्या, तक्ता करा. मी नेमकं हेच केलं.

माझा तक्ता

जूनमधल्या एका बैठकीत मुलांनी विषय काढला, की तालीम संध्याकाळी सहाऐवजी आठला ठेवा, क्लासेस साडेसातला सुटतात. समितीनं ऐकून घेतलं, चर्चा झाली, हात वर झाले, आठची वेळ ठरली. मी वहीत लिहिलं: "आठवी पायरी. उत्तम सहभाग." पुढच्या बैठकाही सहाव्या ते आठव्या पायरीवरच्या होत्या. माझा आलेख वर जात होता. मी इतकी खूश होते, की समितीनं विचारल्यावर सांगूनही टाकलं: तुमच्याकडे मुलांचा सहभाग फार चांगला आहे. ते वाक्य संस्थेच्या वार्षिक अहवालात छापून आलं, "एका संशोधकाचे निरीक्षण" म्हणून.

प्रकरणाचा मसुदा घेऊन मी मॅडमकडे, म्हणजे माझ्या गाइडकडे गेले. त्यांनी तक्ता पाहिला आणि विचारलं, "यात मुली कुठे आहेत?"

मी म्हटलं, "आहेत ना, मुलं म्हणजे दोन्ही."

"हजेरीचं रजिस्टर आहे का त्यांच्याकडे?"

होतं. दोनशे पानी वही, तालमीला येणाऱ्या एका ताईंनी ठेवलेली. ती मी कधी उघडून पाहिलीच नव्हती. जूनपर्यंत तिच्यात जवळपास निम्मी नावं मुलींची होती. गणपती येईपर्यंत दोन उरली होती, आणि त्यातली एक सभागृहाच्या शेजारीच राहणारी.

कुणी कुणाला काढलं नव्हतं. "येऊ नकोस" असं एकाही मुलीला कुणी म्हटलं नव्हतं. नंतर मी एकीला विचारलं, त्या बैठकीत बोलली का नाहीस? ती म्हणाली, "सगळे हो म्हणत होते. मी एकटी काय बोलू? आणि आठची तालीम म्हटल्यावर घरी विचारायचंच नाही, हे मला तिथेच कळलं होतं."

मग सहाची तालीम कशी जमत होती? त्या ताईंमुळे. त्या शिक्षिका. शाळा सुटली की सभागृह उघडायच्या, आणि आठच्या आत लांबच्या मुलींना दोन-तीन खेपा करून स्कूटीवरून घरी सोडायच्या. आठ ते दहा ही वेळ त्यांना घरच्या स्वयंपाकामुळे जमण्यासारखी नव्हती. किल्ली एका दादाकडे गेली. दादा भला माणूस, पण मुलींना घरी सोडायचं असतं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. कारण ते काम कधी कुठल्या बैठकीत "काम" म्हणून आलंच नव्हतं.

म्हणजे ज्या निर्णयाला मी सर्वात वरचा आकडा दिला, त्याच निर्णयानं निम्मा गट बाहेर गेला. तक्त्यातला एकही आकडा खोटा नव्हता.

चौकटीत काय बसत नाही

पहिली अडचण मोजमापाच्या एककाची. शिडी निर्णय मोजते. निर्णय घेताना खोलीत कोण आहे, हे ती गृहीत धरते. जो आलाच नाही, जी पुढच्या महिन्यात येणार नाही, तिला शिडीवर पायरीच नाही. ज्या कामामुळे मुली खोलीपर्यंत पोचतात, ते स्कूटीच्या खेपांचं काम, हा "निर्णय" नसल्यामुळे तेही दिसत नाही. हौशी संस्था तर अशाच कामावर उभ्या असतात.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. शिडीत दोनच बाजू आहेत, मोठी माणसं आणि मुलं. सत्ता मोठ्यांकडे, ती मुलांकडे सरकते किती, एवढाच प्रश्न. पण स्वयंसेवकांच्या संस्थेत "मोठे" नावाचा एकसंध गट नसतो. पगार नाही, हुद्द्याला फारसा अर्थ नाही, अशा ठिकाणी ज्याच्याकडे वेळ असतो त्याच्याकडे सत्ता जाते. वेळ कुणाकडे असतो? ज्याच्या घरी दुसरं कुणी स्वयंपाक करतं त्याच्याकडे. ज्याला सेकंड शिफ्ट नाही त्याच्याकडे. इथे जो फ्रीमन यांचा सत्तरच्या दशकातला निबंध वाचाच. अमेरिकेतल्या स्त्रीवादी गटांबद्दल त्या म्हणतात, की रचना नाकारल्यानं रचना नाहीशी होत नाही, ती फक्त नजरेआड जाते, आणि मग मैत्रीच्या जाळ्यातले थोडे लोक कुणाला उत्तर न देता कारभार चालवतात. "आमच्याकडे कुणी साहेब नाही, सगळे सारखे" हे वाक्य मला त्या संस्थेत पहिल्याच दिवशी ऐकायला मिळालं होतं. मी ते कौतुकानं लिहून घेतलं होतं.

मुलंही एकसंध नसतातच. आपल्याकडच्या महाविद्यालयीन एकांकिका आठवा. पुण्यातला पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून चालू आहे. अशा स्पर्धांत लेखन, दिग्दर्शन, नेपथ्य सगळं विद्यार्थीच करतात, म्हणजे शिडीवर सातवी पायरी सहज मिळेल. पण अशा गटात पहिल्या वर्षी जो गेला असेल त्याला विचारा. लेव्हल्स उचलायच्या कुणी, चहा आणायचा कुणी आणि भूमिका कुणाला, हे सीनियर ठरवतात. मोठी माणसं खोलीत नाहीत म्हणून सत्ता खोलीत नाही, असं होत नाही.

तिसरी अडचण नाटकाची स्वतःची. वरची पायरी म्हणजे चांगलं, हे नाटकात नेहमी खरं नसतं. १९८६ पासून पुण्यात डॉ. मोहन आगाशे आणि थिएटर अकादमीच्या पुढाकारानं ग्रिप्स चळवळ सुरू झाली, ती मूळ बर्लिनची. ग्रिप्सच्या नाटकांत मुलांच्या भूमिका मोठी माणसं करतात. लेखक मोठे, दिग्दर्शक मोठे. शिडी लावायला गेलात तर हातात काहीच येत नाही. पण मोठ्यांच्या जगाकडे मुलाच्या बाजूनं बघणारं, मुलाला बावळट न समजणारं नाटक आपल्याकडे रुजवण्यात ग्रिप्सचा वाटा मोठा आहे. दुसऱ्या टोकाला रत्नाकर मतकरींच्या पुढाकारातून ठाण्यात उभा राहिलेला वंचितांचा रंगमंच. तिथे वस्त्यांमधली मुलंमुली स्वतःच्या जगण्यावरच्या नाटिका स्वतः बसवतात. दोन्ही कामं मोलाची आहेत. एकाला दोन आणि दुसऱ्याला सात गुण दिल्यानं आपल्याला दोन्हींबद्दल काहीही कळत नाही. निर्णय कुणाचा आणि नजर कुणाची, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि शिडी त्यातला एकच विचारते.

हार्टवर अन्याय नको

आता उलट बाजू. टीका लिहिताना हा टप्पा गाळू नका, तोंडी परीक्षेत नेमकं इथेच पकडतात.

प्रत्येक मुलानं कायम वरच्या पायरीवर असलं पाहिजे, असं हार्ट यांनी १९९२ मध्येही म्हटलेलं नाही. मुलाला हवं तेव्हा वर जाण्याची संधी असावी, हा त्यांचा मुद्दा आहे. २००८ मध्ये तर त्यांनी स्वतःच या शिडीपासून एक पाऊल मागे घेणारा लेख लिहिला. मोजपट्टी म्हणून तिचा वापर आपण केला, माझ्यासारख्या घाईतल्या विद्यार्थ्यांनी. म्हणून माझ्या प्रकरणातली टीका दोन भागांत आहे: शिडीची मर्यादा आणि माझी चूक. "हार्ट चुकले" असं एका ओळीत लिहिणं सोपं होतं, पण ते खरं नसतं.

मला मदत झाली ती हॅरी शियर यांच्या २००१ च्या मांडणीची. सहभागाच्या पाच पातळ्या आणि प्रत्येक पातळीवर तीन टप्पे. एखादी व्यक्ती तयार आहे का? त्यासाठी लागणारी साधनं, वेळ, कौशल्य आहे का? आणि ते संस्थेचं बंधन झालंय का, म्हणजे माणूस बदलला तरी चालू राहील का? ताईंची स्कूटी यात घालून बघा. तयारी होती. साधन होतं, तेही त्यांच्या पेट्रोलवर. बंधन मात्र शून्य. ताई गेल्या आणि सगळं गेलं. मुलींचा सहभाग ही संस्थेची कमाई नव्हती, ती एका बाईची न मोजलेली मेहनत होती. हे वाक्य लिहायला मला पाच महिने लागले.

अर्थात शियरही पूर्ण पुरत नाहीत. त्यांच्या मांडणीत संस्था मुलांसाठी काय करते ते दिसतं. संस्थेतल्या संस्थेत कोण कुणासाठी राबतं, ते आपल्यालाच शोधावं लागतं.

तुम्ही शेतावर जाल तेव्हा

क्षेत्रकार्याला मी गमतीनं शेतावर जाणं म्हणते. तिथे गेल्यावर तीन गोष्टी पहिल्या आठवड्यापासून टिपा.

कोण आलं नाही. आलेल्यांच्या मुलाखती घेऊन न आलेल्यांबद्दल काही कळत नाही. हजेरीचं रजिस्टर, वर्गणीची वही, व्हॉट्सॲप ग्रुप सोडून गेलेल्यांची यादी, हे सगळं तुमचं साधन आहे.

बैठक संपल्यावर कोण थांबतं. खुर्च्या कोण रचतं, कपबशा कोण विसळतं, किल्ली कुणाच्या पर्समध्ये जाते. तुम्ही वही मिटून निघालात तर हे हुकतं.

आणि संमतीपत्र कुणाच्या हातून जातं. अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती लागतेच, शिवाय मुलाचा स्वतःचा होकारही घ्यायचा असतो. मी फॉर्म ताईंच्या हाती दिले होते. सगळे सह्या होऊन परत आले. मला वाटलं, वा! पण ज्या ताई रोज घरी सोडतात त्यांनी दिलेल्या कागदाला नाही कोण म्हणेल? नंतर मी प्रत्येकीला वेगळं विचारलं, तेव्हा दोघींनी नकार दिला. त्यांच्याबद्दलचं सगळं मी प्रबंधातून काढलं.

शेवटचं, छापून आलेल्या त्या वाक्याबद्दल. मी परत गेले, समितीसमोर रजिस्टर ठेवलं आणि माझं निरीक्षण चुकलं होतं असं सांगितलं. बरं वाटलं नाही. एक काका चिडले, "आम्ही काय मुलींना नको म्हटलं का?" म्हणाले. ते बरोबरच होते, कुणी म्हटलं नव्हतं. शनिवार-रविवार दुपारची तालीम पुन्हा सुरू झाली, सोडायच्या खेपा तिघांत वाटल्या गेल्या आणि पेट्रोल वर्गणीतून धरलं गेलं. तीन मुली परत आल्या. बाकीच्या आल्या नाहीत. काहींची दहावी आली होती, काहींच्या घरी आता विषय काढणंच शक्य नव्हतं.

माझ्या प्रकरणात आता दोन तक्ते आहेत, शेजारी शेजारी. डावीकडे शिडीचे आकडे, उजवीकडे रजिस्टर. डावा तक्ता मी मुद्दाम काढलेला नाही. पुढच्या भागात क्षेत्रटिपणं रोजच्या रोज कशी लिहायची आणि कंटाळा आला तर काय करायचं, त्याबद्दल लिहिते.