वीराचा देह आणि फाशाचे दान

खेळाचे नियमपुस्तक हा साहित्यसमीक्षेचा विषय होऊ शकतो काय, हा प्रश्न आता केवळ औपचारिक राहिलेला नाही. वाचकाच्या सायासाशिवाय जी पूर्णच होत नाही अशा संहितेचा विचार एस्पेन आर्सेथ याने १९९७ मध्ये ‘सायबरटेक्स्ट’ या ग्रंथात मांडला. टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या ‘रोल-प्लेइंग’ खेळांचे, म्हणजेच भूमिकाखेळांचे, नियम त्याही पलीकडचे आहेत. त्यांत कथा नसते; कथा संभवण्याच्या अटी असतात. कोणती घटना घडू शकते, तिला किती वेळ लागतो आणि तिची किंमत कोणी मोजायची, हे नियम ठरवतो. या अर्थाने नियम हे कथनाचे व्याकरण होय. लढतीचे नियम तर ‘वीर कोणास म्हणावे’ या प्रश्नाचे अंकांत दिलेले उत्तरच असते. ज्या वीरकथेत जादू विरळ असते, तेथे या उत्तराची खरी कसोटी लागते.

या कथाप्रकाराचे मूळ रॉबर्ट ई. हॉवर्ड याच्या लेखनात सापडते. त्याचा कोनन डिसेंबर १९३२ च्या ‘वियर्ड टेल्स’ या मासिकात प्रथम अवतरला. पुढे १९६१ मध्ये फ्रिट्झ लायबर याने या प्रकारास ‘सोर्ड अँड सॉर्सरी’ हे नाव सुचवले. या नावातील दोन पदे समान पातळीवरची नाहीत. तलवार बहुधा नायकाची असते, जादू बहुधा प्रतिपक्षाची. नायकाजवळ देह, कौशल्य आणि जिद्द एवढेच असते. मात्र त्याच्याजवळ आणखी एक न दिसणारे कवच असते, ते म्हणजे निवेदकाचा पक्षपात. पुढील कथेत तो हवा आहे, म्हणून या कथेत तो मरत नाही. भूमिकाखेळात असा निवेदक नाही. तेथे फासा टाकला जातो आणि पडलेले दान कोणाचीही भीड धरीत नाही. तेव्हा निवेदकाच्या पक्षपाताची जागा नियमाने कशी भरावयाची, हा या खेळांपुढील मूलभूत प्रश्न ठरतो.

पहिले उत्तर गणिती होते. गॅरी गायगॅक्स व जेफ पेरेन यांच्या ‘चेनमेल’ (१९७१) या युद्धखेळात ‘वीर’ म्हणजे चार सैनिकांच्या बळाचा एक मोहरा. गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये (१९७४) हेच बळ वैयक्तिक झाले. लढवय्या चौथ्या पातळीवर पोहोचला की त्यास ‘वीर’ ही पदवी मिळते आणि पातळीगणिक त्याचे ‘हिट पॉइंट्स’ वाढतात. पाच घाव सोसणारा माणूस पुढे पंचवीस घाव कसा सोसतो, या आक्षेपावर गायगॅक्सने १९७९ च्या ‘डंजन मास्टर्स गाइड’मध्ये दिलेला खुलासा असा, की हे गुण केवळ देहबळाचे नसून त्यांत कौशल्य, दैव व दैवी कृपाही अंतर्भूत आहे. लढतीची एक फेरी तेथे एका मिनिटाची आहे. फाशाची एक फेक म्हणजे एक घाव नव्हे, तर त्या मिनिटातील सर्व चढाई-बचावाचे सार होय. जेनेटच्या परिभाषेत सांगावयाचे तर हे ‘दृश्य’ नसून ‘सारांश’ आहे. टेबलाभोवतीचे खेळाडू मात्र त्यास दृश्य समजतात आणि प्रत्येक फेकीत एक वार पाहतात.

हा खुलासा ग्राह्य मानला तरी एक विसंगती उरते. हिट पॉइंट्स जर मुख्यतः दैवाचे व कौशल्याचे माप असतील, तर ते रुग्णशय्येवर दिवसाला एक अशा देहाच्या गतीने का भरून यावेत? व्यवहारात ही विसंगती जाणवत नाही, कारण धर्मोपदेशक पात्राचा मंत्र ते गुण क्षणात परत देतो. म्हणजे निवेदकाचा पक्षपात येथे अंकांत साठवला आहे आणि जादू तो पुन्हा पुन्हा भरते. जादू काढून घेतली की नायक आठवडेच्या आठवडे अंथरुणाला खिळतो आणि कथाही तेथेच खिळते.

दुसरे उत्तर देहनिष्ठ आहे. स्टीव्ह पेरिन आणि त्याचे सहकारी यांचा ‘रूनक्वेस्ट’ (१९७८) हा खेळ देहाचे सात भाग पाडतो. घाव कोठे बसला हे फासा सांगतो, चिलखत आघात शोषते, बचावासाठी वेगळी फेक असते आणि फेरी अवघ्या बारा सेकंदांची असते. मध्ययुगीन शस्त्रविद्येच्या हौशी पुनर्रचनेचा पेरिनला प्रत्यक्ष अनुभव होता, हे या सूक्ष्मतेमागील एक कारण म्हणता येईल. अनुभवाने येथे कौशल्य वाढते. पण देहाचे गुण पातळीगणिक वाढत नाहीत. येथे सारांश संपतो आणि दृश्य सुरू होते. परंतु एका दुर्दैवी दानाने मुरलेल्या योद्ध्याचा पाय निकामी होऊ शकतो, हे उमगलेला खेळाडू लढत टाळू लागतो. हे शहाणपण सैनिकाचे आहे, वीराचे नव्हे. शिवाय ‘रूनक्वेस्ट’च्या ग्लोरान्था या जगात सामान्य माणसाजवळही मंत्र असतात आणि घायाळ देहाची भरपाई तेच करतात. एवंच, देहाकडे दुर्लक्ष करणारा नियम आणि देहाचेच भान ठेवणारा नियम, दोन्ही शेवटी जादूच्याच दारात येऊन उभे राहतात.

या कोंडीतून बाहेर पडण्याचा मार्ग ग्रेग स्टॅफर्डच्या ‘पेंड्रॅगन’मध्ये (१९८५) दिसतो. आर्थर राजाच्या कथाचक्रावर आधारलेल्या या खेळात सरदारांच्या हाती जादू नाही. देह नाशवंत आहे, जखमा सावकाश भरतात, वार्धक्यही येते. प्रतिस्पर्धी एकाच वेळी वीस बाजूंचा फासा टाकतात; आपल्या कौशल्याच्या मर्यादेत राहून ज्याचे दान मोठे, त्याची सरशी. याशिवाय पात्राच्या ‘पॅशन्स’, म्हणजे स्वामिनिष्ठा, प्रेम, द्वेष या भावना, अंकांत नोंदलेल्या असतात. संघर्ष अशा एखाद्या भावनेला भिडणारा असेल, तर तिच्या नावाने फासा टाकता येतो. दान साधले तर शस्त्रकौशल्य लक्षणीय वाढते. हुकले तर विषाद येतो. पुरते फसले तर सरदार वेडाच्या भरात रानोमाळ भटकू लागतो.

भारतीय काव्यशास्त्रानुसार वीररसाचा स्थायीभाव उत्साह आहे, बळ नव्हे. स्टॅफर्डच्या नियमाची अंतर्दृष्टी याच दिशेची आहे. वीराचे अधिकपण देहात साठवलेले नसून आलंबनाच्या संदर्भात जागे होते. कोणासाठी लढावयाचे, हा प्रश्न सुटल्यावाचून ते प्रकटच होत नाही. आणि या उत्साहाच्या पोटात करुणाची शक्यता राखलेली आहे, हे अधिक महत्त्वाचे.

जेक नॉरवुडच्या ‘द रिडल ऑफ स्टील’ने (२००२) देहनिष्ठा आणि भावनिष्ठा एकत्र आणली. लढतीच्या आरंभी दोघे एकाच वेळी लाल वा पांढरा फासा पुढे टाकतात. लाल म्हणजे चढाई, पांढरा म्हणजे बचाव; येथे अंक नव्हे, रंग बोलतो. दोघांचेही फासे लाल असतील तर दोघेही मरू शकतात. घावासोबत वेदना आणि रक्तस्राव येतो. जादू आहे, पण विरळ. लढतीची भिस्त तिच्यावर नाही. श्रद्धा, ध्येय, सदसद्विवेक अशा ‘आत्मिक गुणां’शी लढत निगडित असेल तरच योद्ध्याला जादा फासे मिळतात. निरर्थक भांडणात मरणे सोपे आणि अर्थपूर्ण संघर्षात तगणे शक्य, ही या नियमाची नीती.

तथापि येथे एक उणीव राहते. हे आत्मिक गुण खर्चूनच पात्राची वाढ होते. त्यामुळे भावना हे चलन बनते आणि चाणाक्ष खेळाडू आपले ध्येय लढतीच्या सोयीने निवडू लागतो. ‘पेंड्रॅगन’मध्ये भावनेला हाक घालणे हाच धोका आहे, ‘रिडल’मध्ये ती बव्हंशी लाभाची बाब ठरते. स्थायीभाव साधनाच्या पातळीवर उतरला की उत्साहाची जागा हिशेब घेतो. उलटपक्षी, फासा पात्राला वेड लावतो तेव्हा खेळाडूचे स्वातंत्र्य हिरावले जाते, असा आक्षेप स्टॅफर्डवर घेता येईल. परंतु रसाचा आस्वाद नटाला असतो की प्रेक्षकाला, हा जुना वाद येथे वेगळे रूप घेतो, कारण टेबलाभोवती नट आणि प्रेक्षक एकच व्यक्ती असते. नट म्हणून गमावलेले स्वातंत्र्य तिला प्रेक्षक म्हणून परत मिळते. आपलेच पात्र आपल्या इच्छेबाहेर जाताना ती पाहू शकते.

म्हणूनच लढतीच्या नियमाची कसोटी वास्तवाशी असलेल्या साम्यात नाही, आणि नायकाला जगवण्याच्या क्षमतेतही नाही. निवेदकाचे अभय गेले आणि जादूचा आधारही गेला, तरी मनुष्य शस्त्र का उचलतो, याचे उत्तर नियमात असावे लागते. त्याची किंमतही त्याच नियमात असावी लागते. ज्या खेळात या दोन्ही गोष्टी एकाच दानावर ठरतात, तेथे वीर ही पातळीची पदवी न राहता घटना होते.