‘हनुमान’ (२००५) : उपनायकाची जन्मकथा आणि ॲनिमेशनपटाचे निवेदन

प्रास्ताविक

रामकथेचा नायक राम असला, तरी वऱ्हाडात गावोगावी वेशीवर वा पारावर शेंदूर माखलेली मूर्ती आढळते ती मारुतीची. १९१४ सालापर्यंत मूळ जाणाऱ्या अमरावतीच्या व्यायाम प्रसारक मंडळानेही नाव धारण केले ते हनुमानाचेच. कथेत दुय्यम आणि लोकमानसात अग्रस्थानी असलेल्या या पात्राला नायकपद देण्याचा प्रयत्न व्ही. जी. सामंत व मिलिंद उके दिग्दर्शित ‘हनुमान’ या ॲनिमेशनपटाने २००५ मध्ये केला. त्यानंतर ‘बाल गणेश’ (२००७), ‘घटोत्कच’ (२००८) असे बालरूपकेंद्री चित्रपट आले. हॉलीवूडनेही पुढे ‘मिनियन्स’ (२०१५) मध्ये दुय्यम पात्रांची पूर्वकथा सांगितली. म्हणून उपनायकाची जन्मकथा स्वतंत्रपणे सांगताना काय साधते आणि काय निसटते, हा प्रश्न विचारार्ह ठरतो.

माध्यमाचे सामर्थ्य

बालहनुमानाने सूर्याला फळ समजून झेप घेणे, इंद्राच्या वज्राने त्याची हनुवटी भंगणे, त्याने क्षणात सूक्ष्म वा विराट रूप धारण करणे हे प्रसंग रेखाटनाला जणू स्वभावतःच अनुकूल आहेत. दादासाहेब फाळके यांना ‘लंकादहन’ (१९१७) मध्ये असे चमत्कार कॅमेऱ्याच्या युक्त्यांनी साधावे लागले. चित्रकाराच्या रेषेला मात्र देहाच्या आकारमानाचे बंधन नसते. बालप्रेक्षकाला आपल्याच वयाचा, खोडकर आणि बलवान नायक लाभतो. या चित्रपटाचे हे यश नाकारता येत नाही.

निवेदनक्रमाचा प्रश्न

तथापि, वाल्मीकिरामायणात ही जन्मकथा आरंभी येत नाही. किष्किंधाकांडात समुद्र ओलांडण्याचा प्रश्न उभा राहतो, वानरवीर हतबल होतात, हनुमान मौन धारण करून बसलेला असतो आणि तेव्हा जांबवान त्याला त्याचा जन्मवृत्तान्त सांगतो. उत्तरकांडात युद्ध संपल्यावर राम अगस्त्यांना विचारतो की, एवढे बळ असूनही वाली-सुग्रीव कलहात हनुमानाने ते का वापरले नाही? त्याचे उत्तर म्हणून बाललीला आणि ऋषींचा शाप यांची कथा येते. दोन्ही ठिकाणी जन्मकथा हे एका प्रश्नाचे उत्तर आहे. ती ऐकवणारा दुसराच कोणी असतो. स्वतः हनुमान आपला पराक्रम सांगत नाही.

चित्रपट जन्मापासून सरळ कालक्रमाने पुढे जातो. त्यामुळे उत्तर आधी मिळते आणि प्रश्न नंतर उद्भवतो. प्रेक्षकाने पराक्रम डोळ्यांनी पाहिलेलाच असल्याने विस्मरण आणि स्मरण यांतील नाट्य क्षीण होते. बळ ठळक होते, पण त्या बळाचा विसर पडलेल्या सेवकाची नम्रता मागे पडते.

कीर्तनपरंपरेचा दाखला

यावर असा आक्षेप संभवतो की, चैत्र पौर्णिमेच्या पहाटे होणाऱ्या जन्मोत्सवाच्या कीर्तनातही ही कथा स्वतंत्रपणेच सांगितली जाते आणि ती श्रोत्यांना आधीच ठाऊक असते. परंतु नारदीय कीर्तनात पूर्वरंग आधी येतो. तेथे एखादे तत्त्व वा शंका मांडली जाते आणि उत्तररंगातील आख्यान त्या शंकेचे समाधान करते. म्हणजे कथा परिचित असली, तरी ती प्रश्नाच्या मागूनच येते. देवनाथ व त्यांचे शिष्य दयाळनाथ या कवींच्या मठामुळे ओळखल्या जाणाऱ्या अंजनगाव सुर्जीसारख्या गावाला ही रीत नवी नाही.

शिवाय परंपरेत जन्मकथा एकच नाही. वाल्मीकींकडे हनुमान वायुपुत्र आहे, तर एकनाथांच्या ‘भावार्थरामायणा’त दशरथाच्या यज्ञातील पायसाचा घारीने नेलेला अंश अंजनीला प्राप्त होतो. या पाठामुळे रामाशी असलेल्या त्याच्या नात्याला वेगळीच जवळीक लाभते. चित्रपटाला मात्र एकच पाठ दृश्य करावा लागतो आणि पाहिलेले चित्र बालमनात अंतिम ठरण्याचा संभव असतो.

समारोप

‘हनुमान’ने भारतीय ॲनिमेशनला आपल्या कथांकडे वळवले, हे त्याचे योगदान होय. मात्र उपनायकाला नायक करताना त्याचे उपनायकत्व हेच त्याच्या लोकप्रियतेचे मूळ आहे, याचे भान राखणे आवश्यक ठरते. वेशीवरचा मारुती गावाचा स्वामी म्हणून पूजिला जात नाही. तो राखणदार आहे. पुढील काळातील ॲनिमेशनकारांनी कालक्रमापेक्षा जांबवानाचा क्रम स्वीकारला, तर बालप्रेक्षकाला पराक्रमाबरोबर त्याचे प्रयोजनही उमगेल.