‘मेगाहिट’वाल्यांची काठिण्यपातळी

‘हल्लीच्या गेममध्ये दम नाही, आमच्या वेळी एकेक लेव्हल म्हणजे परीक्षा असायची,’ हे वाक्य आपण सगळ्यांनीच चाळिशीतल्या माणसांकडून ऐकलंय. आज ते ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’वर घासून पाहू. हाच गेम का, तर तेव्हाच्या औरंगाबादेत, कॉम्प्युटर क्लासच्या डॉसवाल्या मशीनवर जे दोन-चार गेम असायचे त्यांत हा होता. आणि ही मालिका अजून चालू आहे.

जॉर्डन मेकनरचा मूळ गेम १९८९चा, ॲपल टूवरचा; डॉसवर आला १९९०ला. बारा लेव्हल, साठ मिनिटं. यात जीव मोजून दिलेले नव्हते, हे लक्षात घ्या. सुळ्यांवर पडा, खड्ड्यात पडा, कितीदाही मरा. लेव्हल पुन्हा सुरू व्हायची, घड्याळ मात्र मागे यायचं नाही. म्हणजे चुकीचा दंड मिनिटांत भरायचा. आपल्याकडे त्यावर आणखी एक घड्याळ होतं, क्लासचं. प्रॅक्टिकलच्या तासातली शेवटची वीस मिनिटं आपली, आणि दाराबाहेर पुढची बॅच.

मग यायचं ‘मेगाहिट’. गेम सुरू करताना ‘प्रिन्स’पुढे हा शब्द टाइप केला की शिफ्ट आणि एल दाबून पुढची लेव्हल, अधिकचं चिन्ह दाबून जास्तीची मिनिटं. गंमत म्हणजे हा शब्द न टाकताही पहिल्या तीन लेव्हल तशाच ओलांडता यायच्या, पण मग घड्याळ थेट पंधरा मिनिटांवर उतरायचं. सवलत होती, पण व्याजासकट. (हशा) ‘मेगाहिट’ला व्याज नव्हतं. ‘आमच्या वेळी’ म्हणणाऱ्यांतले किती जण मेगाहिटवाले होते, हे ज्याचं त्याने सांगावं.

२००३च्या ‘सँड्स ऑफ टाइम’मध्ये दंडाचं चलन बदललं. मिनिटांऐवजी वाळू. खंजिरातली वाळू खर्च करा, काळ काही सेकंद मागे जातो, चुकलेली उडी पुन्हा मारता येते. पण उडी तुम्हालाच मारायची असते. (याच गेमच्या रिमेकचं काम २०२०मध्ये युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे होतं, २०२२मध्ये ते मॉन्ट्रियलकडे गेलं.)

२००८च्या भागात एलिका आली. पडलात की ती हात देऊन शेवटच्या सपाट जागेवर आणून ठेवते. ‘मरताच येत नाही, हा कसला गेम’ म्हणून ओरड झाली. आमच्या मते ओरड चुकीच्या जागी होती. एलिका म्हणजे चेकपॉइंटच, फक्त मधला काळा पडदा नाही. खरा बदल उडीत होता. मूळ गेममध्ये एका पावलाचा अंदाज चुकला की संपलं. इथे बटण वेळेत दाबलं की बाकी सगळं राजपुत्रच करतो. दंड कमी होणं वेगळं आणि काम कमी होणं वेगळं. मालिकेच्या चाहत्यांनी ही दोन्ही एकाच गाठोड्यात बांधली.

२०२४च्या ‘द लॉस्ट क्राउन’ने ती सोडवली. काम अवघडच आहे, पण शत्रूचा मार किती बसावा, वार परतवायला किती वेळ मिळावा, हे खेळणारा ठरवतो. शिवाय मेमरी शार्ड: अडलेल्या जागेचा फोटो नकाशावर टाचून ठेवायचा. ज्याला रविवारीच तासभर मिळतो, त्याच्यासाठी अडचण उडी नसतेच, आठवण असते. हे ओळखणारा गेम सोपा झालेला नाही. त्याला आपला खेळाडू कळलाय.

मग आपलं मेगाहिट म्हणजे असाच सेटिंगचा मेनू होता का? अर्धामुर्धा. मूळ गेममध्ये चौथ्या लेव्हलला राजपुत्र आरशातून उडी मारतो आणि त्याची सावली सुटते. बाराव्या लेव्हलला तीच तलवार घेऊन समोर येते. तिला मारलं तर आपणच मरतो; तलवार म्यान केली की ती आपल्यात मिसळते. शिफ्ट-एलने उड्या घेत आलेल्याला समोरचा हा कोण, हेच कळायचं नाही. मेगाहिटने दंड माफ केला, पण त्याबरोबर आरसाही नेला. मेमरी शार्ड आरसा जागेवर ठेवतो.

आता प्रश्न घेऊ.