गोळीला पत्ता ठाऊक नसतो
वेदनाशामकाच्या जाहिरातीत गोळी गिळताच दुखऱ्या गुडघ्यावरचा लाल ठिपका विझतो. चित्र सुबक, पण चुकीचे. गोळी रक्तावाटे सर्वत्र पोहोचते. अ‍ॅस्पिरिनसारखी औषधे प्रोस्टाग्लँडिनांची निर्मिती रोखतात, हे जॉन वेन यांनी १९७१ साली दाखवले. ही द्रव्ये इजेच्या जागी चेतातंतूंची टोके हळवी करतात. जठराच्या अस्तराला आम्लापासून जपतातही तीच. मग जठरव्रण 'दुष्परिणाम' म्हणून वेगळ्या रकान्यात का टाकायचा? जठराला सांभाळून घेईल म्हणून आणलेले रोफेकॉक्सिब हृदयविकाराच्या धोक्यामुळे २००४ मध्ये मागे घ्यावे लागले. (पॅरासिटामॉलची तऱ्हा निराळी: जठराला सौम्य, पण मात्रा फार वाढली तर यकृताला घातक.) वर्गात हे चित्र जरूर दाखवा, फक्त गुडघ्यासोबत जठरही काढा.